सुभेदारांचा रणगाडा आणि पट्टी सर

पट्टी सरांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला कायम चार-पाच कागदी चिकटपट्ट्या डकवलेल्या असत. नवीन मुलं ‘पट्टी सर’ हे नाव ऐकून आधीच तळहात चोळायला लागायची. पण अकोल्याच्या आमच्या शाळेत सरांनी लाकडी पट्टी कुणावर उगारल्याचं मला आठवत नाही. मी तिथं विज्ञान शिकवायचो आणि सरांच्या शेजारीच राहायचो, म्हणून नावाचं खरं कारण मला ठाऊक होतं.

सर प्लॅस्टिकची छोटी विमानं आणि रणगाडे जोडायचे आणि त्यांवर लष्करी पद्धतीचे हिरवे-मातकट पट्टे रंगवायचे. आधी एक रंग द्यायचा, तो जिथं राहायला हवा तिथं चिकटपट्टीनं झाकायचा, मग दुसरा रंग फवारायचा आणि शेवटी पट्टी सोलून काढायची. नवी पट्टी फार चिकट असते, निघताना खालचा रंगही घेऊन निघते. म्हणून सर ती आधी स्वतःच्या हातावर लावून तिचा जोर कमी करत. “पट्टी मुरू द्या लागते भाऊ, लोणच्यावानी,” असं त्यांचं म्हणणं. एका साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, पंगतीत वाढप्यानं विचारलं, “सर, हाताले भाजलं का?” सर म्हणाले, “नाही, विमान आहे.” तो वाढपी पुन्हा त्यांच्या पानाकडे फिरकला नाही.

फवारायला हवा लागे, आणि कॉम्प्रेसर काही घरात नव्हता. सरांनी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब मिळवली. पंक्चरच्या दुकानात ती टम्म फुगवून, गळ्यात घालून ते लुनावरून घरी येत. दुरून नुसती ट्यूब आणि चष्माच येताना दिसे. एकदा ऐन मे महिन्यात चौकातल्या पोलिसानं त्यांना अडवलं. “काहून जी, कुठं पूर आला का?” सरांनी त्याला उन्हात उभं करून रंगाचा सगळा विधी समजावला. शेवटी पोलिसानंच हात जोडले.

चिकटपट्टी वळत नाही, म्हणून रंगाच्या वळणदार कडा झाकायला कणकेच्या सुरळ्या लागत. त्यावर वहिनींचा आक्षेप होता. “रणगाड्याले चार पोळ्यांची कणीक, आन् घरच्या माणसाले दोनची!” एकदा मुंग्यांनी विमानाच्या पंखावरची निम्मी सुरळी खाल्ली. आम्हाला वाटलं सर चिडणार. ते भिंग घेऊन बसले. “पाहा, कड कशी मऊ कातरली! माह्यानं नसती जमली.”

उरलेला भाग ते वर्तमानपत्रानं झाकत. त्या वर्षांत आमच्याकडच्या पेपरांत पहिल्या पानावर रोज शेतकऱ्याच्या आत्महत्येची तीच बातमी असे, फक्त गावाचं नाव बदले. शाळेच्या वसतिगृहातली मुलं त्याच गावांची. सर पहिलं पान घडी घालून कपाटात ठेवत आणि क्रिकेटचं पान घेत. “माणसाच्या फोटोवर रंग उडवू नाही,” एवढंच म्हणत.

एका स्नेहसंमेलनात सरांचा रणगाडा प्रदर्शनात मांडला होता. मुख्याध्यापकांचे मामा मोर्शीहून आले होते. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, आयुष्यभर रणगाडा चालवलेले. मधुमेहानं त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. त्यांनी रणगाड्यावरून हळूहळू बोटं फिरवली. “तोफ बरोबर. झाकण बरोबर.” मग बोट थांबलं. “हे धुरे काहून घातले जी याच्यावर? वावर आहे का?”

चिकटपट्टीच्या कडेला रंग साचून शेताच्या बांधासारखी, केसाएवढी उंच रेघ राहिली होती. आम्हा डोळसांना ती कधीच दिसली नव्हती.

सरांनी त्याच संध्याकाळी रणगाडा घरी नेला. मग त्यांनी सगळा रंग खरवडला. रंग पातळ केला, पट्टीची कड जराशी उचलून ठेवली, सुरळ्या बारीक वळल्या. तीनदा रंगवला, तीनदा खरवडला. शिक्षकांच्या खोलीत आम्हाला डोळे मिटून बोट फिरवायला लावत. गणिताचे सर तर त्यांना पाहिलं की आपणहून डोळे मिटायचे. अखेर बुटाच्या खोक्यात रणगाडा घेऊन आम्ही दोघं एसटीनं मोर्शीला गेलो.

सुभेदारांनी बराच वेळ बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. मग भडकले. “रंग देलाच नाही तुमी! आंधळ्याले फसवून राहिले का?”

सर उडी मारून उभे राहिले. “साहेब, पुन्हा एकदा म्हणा!”

सुभेदार आणखीच भडकले. मी शपथेवर साक्ष दिली, ती त्यांना पटली नाही. शेवटी त्यांच्या सुनेनं आतून येऊन सांगितलं, “देला आहे बाबा. हिरवा आन् मातीचा. लय साजरा दिसते.”

सुभेदारांनी हात पुढं केला. सरांनी त्यांचं बोट धरलं आणि पट्टे दाखवू लागले. “इथून हिरवा... इथून माती... हा पुन्हा हिरवा...” वरच्या घुमटाच्या डाव्या अंगाला सुभेदारांनी बोट रोखलं.

“इथं प्रकाश बसे. माहा दोस्त. दिवसभर गाणे म्हणे. परत नाही आला तो.”

दाखवून परत आणायचा म्हणून नेलेला रणगाडा तिथंच राहिला. येताना सर रिकामं खोकं मांडीवर घेऊन बसले होते. “त्यायचाच होता तो,” एवढंच बोलले.

दोनेक वर्षांनी सुभेदार गेले आणि त्यांची सून रणगाडा धुतल्या कापडात गुंडाळून सरांकडे घेऊन आली. घुमटाच्या डाव्या अंगाला बोटाएवढ्या जागेतला रंग पार झिजून खालचं करडं प्लॅस्टिक दिसत होतं. “बाबा रोज घेऊन बसत,” ती म्हणाली. ती गेल्यावर मी सहज म्हणालो, “सर, एवढं दुरुस्त करून घ्या.”

सर रागावलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. “हात लावू नका त्याले! एवढं साजरं काम माह्या हातून आजवर झालं नाही.”

निवृत्तीनंतर सर लेकीकडे अमरावतीला राहायला गेले. बाकीची विमानं आणि रणगाडे त्यांनी शाळेला दिले, हा रणगाडा तेवढा सोबत नेला. सर वारले तेव्हा लेकीनं तो माझ्या हाती सोपवला. आता माझ्या टेबलावर असतो. रंग का उडाला, असं घरी येणारा पाहुणा विचारतो आणि मी सगळं सांगत बसतो. ऐकता ऐकता त्याचं बोट आपसूक त्या जागेवर जातं. मी नको म्हणत नाही.