चौकटीबाहेर जाणारी सावली

धाकट्या भावानं काढलेलं आमच्या घरच्यांचं चित्र सध्या प्रदर्शनात आहे. मधे आईची रिकामी खुर्ची, तिच्या उजवीकडे अक्का आणि तिचे यजमान, डाव्या टोकाला मी. लोक म्हणतात, काय माया आहे हो या घरात! मला ते चित्र फाडावंसं वाटतं.

आम्ही असे एकत्र कधी बसलोच नाही. ते दोघं चित्रासाठी सकाळी बसायचे. अक्काचं तोंड बघायला नको म्हणून मी संध्याकाळी जायचो. भावाचा हट्ट असा, की दिसेल तेच रंगवायचं. त्यामुळे त्यांच्या सावल्या उजवीकडे कलल्या आहेत आणि माझी एकटीच डावीकडे, चौकटीबाहेर निघाली आहे. माणसं सांभाळून घेतात, उजेड घेत नाही.

काल प्रदर्शनात अक्का माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"सावलीसुद्धा पळतेय बघ तुझी. तिलाही रजा मिळाली नसेल."

आईच्या आजारपणात मी हेच कारण सांगायचो.

"रजा होती, अक्का. मला तिच्याजवळ बसवत नव्हतं. तू बसायचीस, म्हणून तुझा राग यायचा. अजून येतो."

"ठाऊक आहे," ती चित्राकडेच बघत म्हणाली. "आईलाही होतं. तू कधीमधी आलास, की खिडकी लावून घ्यायला सांगायची. तुला तिचा चेहरा बघवत नाही म्हणून."

ती निघून गेली. आईची खुर्ची भावानं सकाळीच रंगवली असणार. तिची सावली अक्काच्या पायांवर पडली आहे.