गावाला गेलेले

आमच्या इमारतीत कुणी दिसेनासं झालं की तो गावाला गेलेला असतो. नोकरी गेली, गावाला. नवऱ्याशी पटेना, गावाला. टीबी निघाला, मग तर नक्कीच गावाला. कुठल्या गावाला, परत कधी येणार, असं कुणी विचारत नाही. विचारायचं नसतं हे सगळ्यांना कळतं, कारण प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी कधीतरी त्या गावाला जाऊन आलेलं असतं.

माझे पप्पा दोन वर्षं गावाला आहेत. म्हणजे कोपरला, आमच्याच घरात, आतल्या खोलीतल्या पलंगावर. बेल वाजली की टीव्हीचा आवाज बंद करतात आणि खोकला दाबून धरतात. आई दारातूनच सांगते, "हे गावाला आहेत ना." शेजारच्या काकूंना भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. तरी त्या म्हणतात, "हो का? तब्येत बरी आहे ना तिकडे?" हे नाटक बघून मला आधी हसू यायचं. आता डोक्यात जातं.

पप्पा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात होते. साच्यातून काढलेले लोखंडी भाग ग्राइंडरवर घासून गुळगुळीत करायचे, हे त्यांचं काम. वीस वर्षांहून जास्त केलं. घरी येऊन आंघोळ केली तरी कानांच्या मागे राखाडी धूळ राहायची आणि आई पदराच्या टोकाने ती पुसायची. मग जिना चढताना दम लागायला लागला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पप्पा प्रत्येक मजल्यावर थांबायचे आणि कुणी बघू नये म्हणून फोन कानाला लावून "हां, बोल, बोल" करायचे. मी एकदा मागून येत होते. फोनची स्क्रीन काळी होती.

कारखान्याच्या डॉक्टरने कागदावर लिहिलं: दमा, विडीचं व्यसन. विडी पप्पांनी माझ्या जन्माच्या वर्षी सोडली होती. पण कागदावर आलं म्हणजे आलं. थोडे दिवस आराम करा म्हणून सांगितलं आणि त्या आरामाच्या कागदांत राजीनाम्यावरही सही करून घेतली. गावच्या काकांनी फोनवर ऐकवलं, "तरी सांगत होतो, विडी सोड." भरपाईबिरपाईची भाषा पप्पांनी कधी केली नाही. त्यांना एवढंच हवं होतं की कुणीतरी शिकलेल्या माणसाने कागदावर लिहावं, हे कामामुळे झालं, विडीमुळे नाही.

आणि घरात शिकलेलं माणूस होतं. मी ठाण्याला कॉलेजात एपिडेमिऑलॉजी शिकत होते. मराठीत साथरोगशास्त्र. नातेवाइकांना वाटतं मी करोनाची डॉक्टर होणार. आई पोळीभाजी केंद्रात काम करते, ती तिथे सांगते, "मुलगी साथीचं शिकते." खरं तर आम्ही साथींपेक्षा जास्त मोजणं शिकतो. कोण आजारी, कोण नाही, कुठे, कधी, कशामुळे. पहिल्या वर्षी हे सगळं मला फार भारी वाटायचं. माणूस खोटं बोलेल, आकडा बोलणार नाही, असली वाक्यं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे. ती वही मी रद्दीत दिली.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडायचा होता. आमच्या मॅडम वागळे इस्टेटमधल्या धुळीच्या कारखान्यांचा अभ्यास करणार होत्या. कामगारांना एका यंत्रात जोरात फुंकायला लावायचं, फुप्फुसाची ताकद मोजायची आणि धुळीत काम न करणाऱ्या लोकांशी तुलना करायची. कारखान्यांच्या यादीत पप्पांचा कारखाना होता. मी हात वर केला. माझे वडील तिथे होते, हे मॅडमना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला त्यात घेतलंच नसतं, एवढं मला कळत होतं. पप्पांना मात्र सांगितलं. ते पलंगावर उठून बसले. म्हणाले, "बघ बाई, नीट मोज."

त्या कारखान्यात गेले तेव्हा सुपरवायझर नवा होता. आमचं आडनाव म्हणजे पैशाला पासरी, त्यामुळे त्याला काही संशय आला नाही. त्याने चहा मागवला आणि गेल्या काही वर्षांचं हजेरीचं मस्टर उघडलं. धुळीच्या कामावर असलेल्या प्रत्येकाचं नाव तो वाचणार आणि मी फॉर्मवर खूण करणार. फॉर्मवर चार चौकोन होते: हजर, रजेवर, नोकरी सोडली, गावाला गेले. हा चौथा चौकोन मीच सुचवला होता. इंग्रजी फॉर्ममध्ये स्थलांतर असं काहीतरी होतं. मी मॅडमना म्हटलं, आपल्याकडे लोक असं बोलत नाहीत, 'गावाला गेले' असंच म्हणतात. मॅडम खूश झाल्या होत्या.

"हा आहे. हा पण आहे. हा गावाला," सुपरवायझर वाचत होता. "हा गावाला. हा... हा पण गावाला गेलेला. काय आहे ना मॅडम, ह्या लोकांना गावची लय ओढ असते."

मी खुणा करत गेले. आमच्या प्रशिक्षणात घोकून घेतलेला नियम असा, की माहिती देणारा जे सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं, त्यात आपलं डोकं घालायचं नाही. मग त्याने पप्पांचं नाव वाचलं. बोट दोन सेकंद त्या ओळीवर थांबलं आणि तो म्हणाला, "हा तर कधीच गावाला गेला."

सकाळी ह्याच 'गावाला गेलेल्या' माणसाने मला डबा भरून दिला होता. मी चौथ्या चौकोनात खूण केली.

का केली? नियम होता म्हणून. पकडले जाईन म्हणून. आणि खरं सांगायचं तर, दोन वर्षं आमच्या दारात आई तेच सांगत होती म्हणून. ते उत्तर मला इतकं पाठ होतं की ते खोटं आहे हे हाताला आठवलंच नाही.

चौथ्या चौकोनातली माणसं अभ्यासात धरायची नव्हती. ती ठाण्यात नाहीत, मग यंत्रात फुंकणार कोण? जे हजर होते त्यांनी फुंकलं. दणकट माणसं होती, छान फुंकलं. तुलनेसाठी आम्ही त्याच भागातले वॉचमन, दुकानदार, रिक्षावाले घेतले होते. त्यांच्यात म्हातारे होते, दम्याचे होते, जिने चढू न शकणारे होते. सगळं कॉम्प्युटरवर घातलं आणि निकाल आला. धुळीत काम करणाऱ्यांची फुप्फुसं बाहेरच्यांपेक्षा चांगली निघाली.

ह्याला आमच्या विषयात नाव आहे. आजारी माणूस कामावरून आधीच निघून जातो, मागे तब्येतीने चांगले तेवढे उरतात, आणि मोजणाऱ्याला वाटतं काम किती आरोग्यदायी! पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ह्यावर प्रश्न होता. मला पूर्ण मार्क पडले होते.

त्या दिवशी घरी येऊन मी चौथ्या चौकोनातली नावं पप्पांना वाचून दाखवली. पप्पा हसायलाच लागले, मग खोकले, मग पाणी प्यायले. "तो कुठला गावाला? दिव्याला आहे, पोराकडे. हा? हा गेला अगं, मागच्या दिवाळीत. आणि हा खडवलीला, मेव्हण्याच्या खोलीवर." त्यांना सगळ्यांचा ठावठिकाणा माहीत होता. फोनवर ते एकमेकांच्या औषधांची नावं विचारायचे. कॉलेजच्या एवढ्या मोठ्या अभ्यासात जे सापडले नाहीत, ते माझ्या बापाच्या फोनमध्ये होते.

रविवारी मी खडवलीला गेले. स्टेशनपासून बरंच चालल्यावर खोली सापडली. ते काका दारात खुर्चीवर बसले होते, खांदे वर ओढून, प्रत्येक श्वास मुद्दाम आणायला लागत असल्यासारखे. मला लहानपणी त्यांनी एकदा खांद्यावर घेतलेलं, असं पप्पा सांगायचे. मी यंत्र बाहेर काढलं. ते बघून त्यांनी आतल्या बाजूला नजर टाकली.

"हे कंपनीत जाणार का?"

"नाव नाही जाणार, काका. फक्त आकडा."

"आकड्यावरून पण कळतं गं. माझा पुतण्या तिथेच लागलाय, माझ्याच मशीनवर. त्याला काढतील." ते थांबले, दोनदा श्वास घेतला. "तू असं कर, मी गावाला आहे असंच लिही."

मला राग आला. त्यांचा नाही आला. त्यांच्याच मशीनवर पुतण्या उभा आहे आणि त्याला वाचवायचं म्हणजे त्याला तिथेच उभं ठेवायचं, ह्याचा आला. मी यंत्र पिशवीत भरलं. काकींनी पोहे केले होते, ते खाल्ले आणि निघाले.

सोमवारी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. "त्या यादीत माझे वडील आहेत. ते कोपरला आहेत, गावाला नाहीत. कुणीच गावाला नाही."

मॅडमनी यादी मागून घेतली आणि त्यात पप्पांचं नाव शोधलं. वाईट बाई नाहीत त्या. माझी फी भरायला उशीर झाला तेव्हा ऑफिसात माझ्यासाठी भांडल्या होत्या.

"हे तू आधी सांगायला हवं होतंस," त्या म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तुम्ही मला घेतलं नसतं."

"अर्थात नसतं घेतलं. आणि आता निकाल मनासारखा आला नाही म्हणून आपण निकष बदलायचे? तुझ्या वडिलांसाठी? ह्याला काय म्हणतात ते तुला मी शिकवायला हवं का?"

त्यांचं चुकत नव्हतं, हेच तर वाईट. नव्याने परवानग्या काढायच्या तर आणखी वर्ष गेलं असतं. त्या म्हणाल्या, "ही त्रुटी म्हणून मर्यादांच्या भागात लिही. स्पष्ट लिही, मी काढणार नाही." मी स्पष्ट लिहिलं. चांगला मोठा परिच्छेद लिहिला, शेवटून दुसऱ्या पानावर. प्रबंधाचं ते पान कोण वाचतं, हे मॅडमना माहीत होतं आणि मलाही. तरीही मी सबमिट केला. घरात एकटी आई कमावते आणि मला डिग्री हवी होती. तत्त्वासाठी वर्ष घालवणारी माणसं कुठल्या घरातली असतात, ते मला बघायचंय एकदा.

कारखान्यांना निकालाचं एक पान मराठीतून द्यायचं ठरलं होतं. मॅडम म्हणाल्या, "तूच लिही, तुझं मराठी चांगलं आहे." एकच पान, मोठा टाइप, सोप्या भाषेत. मर्यादा त्यात बसल्या नाहीत. मी दोनदा बसवून बघितल्या, ते वाक्य इतकं लांब आणि अवघड होत होतं की मॅडमनी कंसात घातलं आणि मग कंसच उडवला. उरलं ते असं: तपासलेल्या कामगारांच्या फुप्फुसांची क्षमता चांगली आढळली. खाली तपासणाऱ्यांची नावं, त्यात माझं.

कारखान्याने ते पान नोटीस बोर्डावर लावलं. कुणीतरी फोटो काढून पप्पांना व्हॉट्सॲपवर पाठवला.

मी घरी आले तेव्हा पप्पा चष्मा लावून बसले होते. तो फोटो बोटांनी मोठा करून त्यांनी माझं नाव आईला दाखवलं होतं, शेजारच्या काकूंनाही. हो, काकूंनाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः दार उघडलं होतं. गावच्या काकांना फोन चालू होता. "नाही रे, कंपनीचं काही नाही. धुळीचं नव्हतंच ते. आपल्या पोरीनेच तपासलंय ना. तू म्हणत होतास तेच, विडी."

फोन ठेवेपर्यंत मी उभी राहिले. मग त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. चार चौकोन, चौथा चौकोन, त्यांच्या नावापुढची माझी खूण. जे आजारी पडले ते कुणीच त्यात नव्हते, म्हणून निकाल तसा आला. तो खोटा आहे. तुमची विडी नव्हती पप्पा, धूळच होती. मी रडत होते आणि चिडलेही होते, त्यामुळे शब्द नीट येत नव्हते.

पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, श्वास पुरेल एवढा वेळ थांबले आणि म्हणाले, "बरं झालं मग मला नाही घेतलंस ते. मी फुंकलं असतं तर तुझा निकाल बिघडला असता."