पडद्याआडचं आभाळ

"बघून झालं असलं, तर पडदा टाका."

कृष्णात हे वाक्य तीस वर्षं म्हणत आला. म्युझियममध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, आणि जीभ इतकी वळलेली की घरात टीव्हीसमोर बसलेल्यांनाही तेच ऐकवायचा. त्याची सून वर्षाराणी हसायची. "मामंजी, ह्याला पडदा न्हाय, बटन हाय."

माणूस उचगावचा. दोन म्हशी, दीड एकर ऊस आणि कोल्हापुरातल्या एका म्युझियममध्ये शिपायाची नोकरी. जगातल्या बहुतेक माणसांविषयी त्याचं मत वाईट होतं. ते त्यानं घरबसल्या बनवलेलं नव्हतं. रोज दोनशे माणसं समोरून जाताना बघून बनवलं होतं.

वरच्या मजल्यावर, आतल्या दालनात, त्याच्या ताब्यात एक चित्र होतं. हातभर रुंदीचा कागद, त्यावर पाण्यात कालवलेले पातळ रंग. दोनशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या चित्रकारानं तिकडं, विलायतेत, त्याच्या मुलखात बसून काढलेलं. टेकडीवर पडका किल्ला, पायथ्याला नदी, नदीत गुडघाभर उभी दोन तांबडी गुरं, आणि या सगळ्याला खुजं करून टाकणारं संध्याकाळचं भलंमोठं आभाळ. असले रंग उजेडानं उडतात, म्हणून काचेवर काळ्या कापडाचा पडदा होता. बघणाऱ्यानं तो उचलायचा, बघायचं आणि सोडून द्यायचा.

एवढं काम, पण शिकल्यासवरलेल्यांनाही जमत नसे. कॉलेजची पोरं पडदा उचलून काचेत आधी आपले केस बघत. मास्तर लोक शेजारची पाटी वाचून पुढं सरकत. पुण्याचे एक विद्वान तर चित्राकडं पाठ करून त्या काळाविषयी पंधरा मिनिटं बोलले, आणि जाताना पडदा खिळ्याला अडकवून गेले. एक नवी नवरी नवऱ्याला म्हणाली, "शी, किती धुवट! आपल्या कॅलेंडरवर ह्याच्यापेक्षा चांगलं हाय."

"मग कॅलेंडरच बघा की पावणं," कृष्णात पडदा टाकत म्हणाला. "तारीखबी कळंल."

पण चित्र धुवट होतं, हे त्याला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पूर्वी एकदा कसर लागली म्हणून चौकट उघडली होती. दुरुस्तीला त्र्यंबक नावाचे म्हातारे गृहस्थ आले होते आणि धरायला कृष्णात होता. कडेचा पुठ्ठा उचलला, तर खाली बोटभर रुंदीची पट्टी निघाली. तिथं उजेड कधी पोचलाच नव्हता. तिथलं आभाळ जवसाच्या फुलासारखं निळं होतं. बाकीचं सगळं निळं पडदा लागण्याआधीच्या वर्षांत उडून गेलेलं. पुढं त्र्यंबक वारले. ते निळं पाहिलेला कृष्णात एकटा उरला, आणि जे काही रंग शिल्लक होते ते आपल्या जिवात जीव असेतोवर जाऊ द्यायचे नाहीत, एवढं त्यानं ठरवलं.

गेल्या साली उदयसिंह नावाचे नवे साहेब आले. चित्रांपेक्षा साहेबांना स्वतःचे फोटो अधिक प्रिय. ऑक्टोबरअखेर कृष्णात निवृत्त होणार होता. साहेब म्हणाले होते, "मामा, वर्षभर कंत्राटावर ठेवून घेतो तुम्हाला." ते वर्ष कृष्णातला हवं होतं. ऑफिसातली अस्मिता तेवढी चित्राकडं नीट बघायची. तिला सगळं शिकवायला वर्ष पुरलं असतं.

मग खंडेनवमी आली. म्युझियमच्या अंगणात दरसाल तलवारी, भाले मांडून पूजा होते. धारा काढून कृष्णात जरा उशिरा पोचला, आणि फाटकातच थबकला. चौरंगावर, तलवारींच्या मधोमध, त्याचं चित्र. वर नवमीचं धगधगतं ऊन. काचेवर कुंकवाचं बोट. चौकटीवर बादलीत बुडवून आणलेला झेंडूचा हार, पाणी टपटप गळत होतं. साहेब आरतीचं ताट धरून पेपरवाल्याच्या कॅमेऱ्याकडं बघत होते.

"साहेब, हे कुणी खाली आणलं?"

"मी. सगळ्यात लांबून आलेली वस्तू आहे, पूजेला नको? देवानं बघितलं तर काय बिघडलं?"

"देवाला बघायचं असतं तर जिना चढून आला असता."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा उतरला. "दहा मिनिटं, मामा. फोटो होऊ द्या."

"दहा मिनिटात काय ऱ्हातंय त्यात?"

"तुमच्या कंत्राटावर सही व्हायची आहे अजून," साहेब सावकाश म्हणाले. "आठवण करून देतो."

हारातला एक थेंब काचेवरून ओघळला आणि चौकटीच्या फटीपाशी थांबला. कृष्णात त्या थेंबाकडं बघत होता. मग त्यानं हार उचलला, झटकला, आणि साहेबांच्या गळ्यात घातला.

"तुमी घाला. तुमचा रंग पक्का हाय."

पेपरवाल्यानं सवयीनं बटण दाबलं.

कृष्णातनं डोक्यावरची टोपी काढून चौकट टिपली, चित्र छातीशी धरलं आणि जिना चढला. मागोमाग अस्मिता. चित्र जागेवर लागल्यावर तो म्हणाला, "डावा कोपरा वलसर झालाय. पंखा लावू नगंस, हात लावू नगंस. त्र्यंबकांचा पोरगा हेच काम करतोय, आजच बोलावून घे."

"मामा, साहेबांना सॉरी म्हणा की. विसरतील ते."

"त्यांनी इसरावं म्हणून म्या सॉरी म्हणू व्हय?" दालनाच्या किल्ल्या त्यानं तिच्या हातात ठेवल्या. "पुठ्ठ्याखाली निळं हाय, पोरी. चौकट उघडतील तवा बाजूला सरू नगंस. बघून घे."

तो अंगणातून गेला तेव्हा आरती सुरू झाली होती. साहेब गळ्यात हार घालूनच टाळ्या वाजवत होते. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. वरच्या खिडकीतून अस्मिता बघत होती. फाटकासमोर गावोगावची माणसं भरून नेणारी वडापची रिक्षा थांबलेली होती, ड्रायव्हरनं "उचगाव, उचगाव" अशी हाक दिली. कृष्णातनं नको म्हणून मान हलवली, ओली टोपी काखेत मारली आणि तो तसाच बोडका, उन्हातून चालत निघाला.