वसरामचा सोळा किलोचा गोळा

पडदा वर जातो तेव्हा वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे हळदीच्या बाजारात, सकाळ झालेली असते. हळदीच्या धुळीनं माणसं, पोती, चहाचे ग्लास, सगळंच पिवळं. मधोमध वसराम हमाल. एकेकाळी आमच्या नाटक कंपनीची पडद्यांची पेटी हा एकटा पाठीवर घ्यायचा, ट्रकमध्ये चढवायचा आणि वर हसायचा. तसं रुबाबदार हसणं मी रंगमंचावरसुद्धा थोड्याच नटांचं पाहिलं.

या खेपेला मात्र त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. पोतं घसरून खांदा निखळला होता. मुकादम रामकिशन म्हणाला, "पाडव्यापस्तोर तुही जागा राखतो. हात आला तं ये, न्हाई तं दुसरा गडी घेतो."

पट्टा सुटला तेव्हा डॉक्टरांनी चार किलोची केटलबेल आणायला सांगितली. वर कडी असलेला लोखंडी गोळा, घरच्या घरी व्यायामाला. वसराम जुनेदच्या खेळसामानाच्या दुकानात गेला, तर मागोमाग हमालांची अख्खी टोळी गंमत बघायला.

"चाराचा द्या," तो हळूच म्हणाला.

"चाराचा?" रामकिशन ओरडला. "आरं, ही तं चहाची किटली!"

"केशरवयनीची घागर यापेक्षा जड आसंल की!" टोळीतला संतराम म्हणाला.

दुकान हसलं. जुनेद मात्र गंभीर होता. "चाचा, हसू द्या त्यांना. कडीत मूठ मोकळी बसते का बघा, मनगट वाकता कामा नये. आन् वजन दुखऱ्या हातानंच उचलून ठरवा."

वसरामनं सोळाचा गोळा धरला. डाव्या हातानं. एका झटक्यात डोक्यावर! टाळ्या पडल्या. टाळी काय चीज असते, ते माझ्यासारख्या नटाला कुणी सांगायला नको.

"हाच बांधा."

"चाचा, त्या हातानं तरी एकदा..."

"तो दुखून न्हाई राहिला आता."

घरी बायको, केशरबाई, म्हणाली, "काहून येवढा जड आनला?" त्यानं उजव्या हातानं गोळा झुलवला. एक झोका गेला, दुसऱ्याला खांदा निसटला. आतली नस तुटली. हात नुसता लोंबत राहिला.

पाडवा झाला आणि वसराम मोंढ्यात आला. त्याच्या जागी नवा गडी पोती वाहत होता. रामकिशननं मुद्दाम उजवा हात पुढे केला.

"या पहिलवान, हात मिळवा!"

वसरामनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि त्याच्या पंजात ठेवला. टोळी पोट धरून हसली. वसराम पोत्यांच्या थप्पीजवळ बसायला गेला, तर रामकिशन खेकसला, "तिथं नको! माल उतरायचा हाय."

त्यानंतर वसराम मोंढ्यात कुणाला दिसला नाही. त्या दिवशी रामकिशनला तो एवढंच बोलला होता:

"उचलत न्हाई रे, दादा. नुसता बसतो."