मामा आणि प्रेशरची मात्रै

आमच्या कुंभकोणमच्या मामांनी आपल्या खोकल्याचा दोष साऱ्या गावाला दिला. डॉक्टरांना मात्र त्यातलं अक्षरही सांगितलं नाही.

तळ्याजवळ त्यांचं पितळी समयांचं दुकान होतं. प्रेशरची मात्रै, म्हणजे रक्तदाबाची गोळी, सुरू झाली आणि पाठोपाठ कोरडा खोकला लागला. पहिला आळ आला समया घासायच्या पावडरीवर. मग शेजारच्या उदबत्तीवाल्यावर. त्याच्याशी मामांनी बोलणंच टाकलं. शेवटी मामीच्या फोडणीवर. मी सुट्टीत गेले तेव्हा घरात फोडणी बंद होती. बिनफोडणीचं सांबार कालवता कालवता मी विचारलं, "डॉक्टरांना खोकल्याचं सांगितलंत का?"

"तो प्रेशर विचारला, मी प्रेशर सांगितलों," मामा आपल्या तंजावरी मराठीत म्हणाले.

मी त्यांना ओढतच नेलं. काही जणांना या गोळीनं असा खोकला होतो, म्हणत डॉक्टरांनी ती बदलली. खोकला हळूहळू गेला, घरात मोहरी तडतडली. उदबत्तीवाल्याशी मामा तरीही बोलले नाहीत. "त्याचा वास वाईटच होता की," म्हणाले.

नव्या गोळीनं घोटे सुजले. हेही डॉक्टरांना सांगायचं असतं, एवढं एव्हाना कळायला हवं होतं. मामा मोठ्या मापाच्या चपला घेऊन आले. मामीनं मला फोन केला, "मी बोललें तर रागावतात. तूच सांग." मी सांगितलं. "बरं, सांगतों," म्हणाले आणि कुणाला न विचारता गोळीच बंद केली. सूज उतरली, म्हणून ऐटीत फिरू लागले. एका सकाळी दुकानासाठी समया आणायला निघाले आणि नाचियारकोविल गावाच्या बसमध्ये चढताना कोसळले. पक्षाघात. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली.

इस्पितळात त्यांच्या उशाशी बसूनही माझा राग जाईना.

तीच गोळी पुन्हा सुरू झाली; सुजेचं डॉक्टरांना सांगायचं त्या गडबडीत आमच्याकडूनही राहिलं. घरी आणल्यावर मामी ती स्वतःच्या हातानं द्यायची. मी परत निघाले त्या दिवशी मामांनी डाव्या हातानं पांघरूण बाजूला सारलं. घोटे पुन्हा सुजले होते. बराच वेळ नुसते ओठ हलले.

"डॉक्टरला... सांग."

मी तिथूनच फोन लावला. "बरं झालं सांगितलंत. गोळी बदलून देतो," डॉक्टर म्हणाले.

मामी दारात उभी राहून ऐकत होती. "एवढंच होतं की," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत गेली.