कोलोरॅडोचं आधीचं नाव

मुलगा नोकरीला कोलोरॅडोत असतो. लग्नासाठी आलाय. काल होणाऱ्या सुनेने, मीनलने, मला फोनवर तिथली नदी दाखवली. मातीने लाल झालेलं पाणी, आपल्या ओढ्याला पूर येतो तसं.

"आई, कोलोरॅडो म्हणजे लालसर. स्पॅनिश लोक आले, त्यांनी पाणी पाहिलं आणि नाव ठेवलं. नदीवरून मग सगळ्या मुलखाचं."

"त्याआधी तिथे कोणी नव्हतं?"

"होते की. ते काय म्हणायचे, ते मला ठाऊक नाही."

माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने सुमन लिहिलं होतं. नाव चांगलंच आहे. पण शाळेच्या हजेरीत मी छबू होते, आणि छबू म्हणून हाक मारणारं आता कोणी उरलं नाही.

आज लग्न लागलं. वन्सं तांदळाचं ताट घेऊन आल्या. "सुमन, सुनेचं नाव काय ठेवायचं? लवकर सांग, नाहीतर मीच ठेवते!"

वन्संपुढे मी कधी बोलत नाही.

"मीनल," मी म्हटलं.

"अगं, ते तर आहेच तिचं!"

"मग तेच राहू दे," म्हणत मी अंगठी मुलाच्या हातात दिली.