विहीणबाईंना काळी पिशवी चालत नाही

जेसल पार्कात आता कुठलंच गुपित शिल्लक राहिलेलं नाही, आणि त्याला माझी विहीण जबाबदार आहे. विहीण म्हणजे माझ्या मुलीची सासू. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, त्या चौथ्या मजल्यावर, मी पहिल्या. तरी आमटीत मीठ कमी पडलं की ते मला खाली कळतं, असा आवाज. बाकीच्या बायका मेडिकलमध्ये पुरुष गिऱ्हाईकं हटेपर्यंत कोपऱ्यात उभ्या राहतात आणि मग काहीतरी पुटपुटतात. ह्या थेट मधोमध उभ्या राहून सांगतात, "पाळी में पेट दुखता है, उसका गोली दो." दुकानदार बिचारा घाईघाईने काळी पिशवी शोधायला लागतो. "पिशवी रहने दो भाऊ, मैं दारू ले जा रही क्या?" मग गोळ्यांची पट्टी कोथिंबिरीच्या जुडीवर ठेवून भर बाजारातून घरी. विहिणीला नावं ठेवायचा माझा हक्क आहे आणि तो मी बजावते. पण ह्या एका बाबतीत बाई माझ्यापेक्षा मोठी.

नातीचा बारावीचा पेपर होता आणि सकाळीच कळा सुरू झाल्या. पोर पाय पोटाशी घेऊन पडली, म्हणाली, "मी नाही जात." जावई धावत मेडिकलमध्ये गेला. तिथे माणसांची गर्दी, ह्याची जीभ उचलेना. "पेट में दर्द है" एवढंच बोलून गॅसची गोळी घेऊन आला. विहीणबाईंनी पट्टी उलटसुलट पाहिली. "अरे, तिने वडे खाल्लेत का? बापच लाजला तर पोरीने सांगायचं कोणाला?" आणि स्वतःच निघाल्या, मागोमाग मी. दुकानदाराने जोरदार म्हणून आयबुप्रोफेन पुढे केली. मी एकटी असते तर तीच उचलली असती. ह्या म्हणाल्या, "ये नहीं. लडकी को दमा है, पिछली बार ये खाके साँस चढ गया था. सादी पॅरासिटामॉल दो." घरी आल्यावर नातीला आधी पेज, मग गोळी, मग पोटावर गरम पाण्याची पिशवी. "एवढ्याने नाही भागलं तर डॉक्टरकडे. मनाने दुसरी गोळी नाही, सांगून ठेवते." थोड्या वेळाने पोर उठली, वेणी घातली आणि पेपरला गेली.

ती परत येईपर्यंत आम्ही दोघी बसून होतो. मी विचारलं, "विहीणबाई, तुम्ही काय घ्यायचात हो?"

"घेणार काय? गावाला गोठ्याच्या पडवीत बसवायचे. कण्हले तर आई आतून दटावायची, हळू, पुरुष माणसं ऐकतील."

एवढंच बोलल्या, आणि तेही हळू. त्यांचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

आता त्यांचे गुडघे गेलेत. नात स्वतःच मेडिकलमध्ये जाते आणि पट्टी हातात झुलवत येते. विहीणबाई चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडतात, "आधी जेव गं, मग घे!" पण हल्ली तो आवाज पहिल्या मजल्याच्या खाली उतरत नाही. मग उरलेलं मी ओरडते.